विमानाचा वेश आणि त्या वेशाची तारीख

'एअर इंडिया' या दोन शब्दांत ऱ्हस्व वेलांटी एकच, 'ड'ची. सिम्युलेटरमधल्या एका जम्बो जेटवर ती वेलांटी 'ड' ओलांडून पुढे जाऊन बसलेली मी पाहिली. बाकी विमान देखणं होतं, पण नजर तिथून हलेना. चूक समजण्यासारखी होती. चित्रं रंगवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी जमत नसे आणि रंगवणाऱ्याला लिपी येत नसेल तर वेलांटी चुकली हे त्याला दिसणार तरी कसं? त्यानं जे पाहिलं ते उतरवलं, पण काय पाहतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. सिम्युलेटरमधली विमानं रंगवण्याच्या कलेची आज जी अवस्था आहे, ती मला या वेलांटीवरून कळते.

विमान कंपन्यांच्या जुन्या लिव्हरी, म्हणजे विमानांचे रंगवेश, सिम्युलेटरमधल्या विमानांवर पुन्हा चढवण्याच्या या कामाला सिमची मंडळी 'रिपेंट' म्हणतात. 2003 आणि 2006 च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधली जेट विमानं ऑर्बिट, सोअर, पॅसिफिका अशा काल्पनिक कंपन्यांच्या रंगांत येत. खरे वेश हवे असणाऱ्यांनी ते स्वतःच शिवले आणि बहुतेकांनी फुकट वाटले.

'शिवले' म्हणालो, कारण काम शिंप्याचंच आहे. विमानाचा त्रिमितीय पृष्ठभाग उलगडून सपाट पसरतात. धडाचा तुकडा वेगळा, शेपटीचा वेगळा, इंजिनांच्या कवचांचा वेगळा, जसं काही कापड बेतलंय. या तुकड्यांवर रंग भरला की ते पुन्हा विमानाला गुंडाळले जातात. खरी परीक्षा नाकाशी होते. तिथला पत्रा दोन्ही दिशांनी गोलावतो, त्यामुळे कापडावर सरळ आखलेला पट्टा विमानावर वाकडा दिसतो. तो सरळ दिसावा म्हणून वाकडा काढावा लागतो. कुठलंही रिपेंट जोखताना मी आधी वैमानिकाच्या खिडकीखाली पाहतो. तिथं पट्टा तुटला नसेल तर माणूस कसबी आहे.

जुन्या कामाकडे आज हसून पाहिलं जातं, ते अन्यायाचं आहे. साधा हिशेब करा. 747 ची लांबी सुमारे 70 मीटर. तेवढी लांबी 1024 पिक्सेलच्या एका चित्रात बसवली तर एका पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ 7 सेंटीमीटर येतात. खिडकीच्या रुंदीला जेमतेम चार पिक्सेल. दोन खिडक्यांमधलं अंतर 20 इंच, म्हणजे सात पिक्सेल. एवढ्यात एअर इंडियाच्या खिडकीभोवतीची लाल झरोक्याची कमान काढायची! ती काढता येत नसे, सुचवावी लागे. त्या काळच्या चांगल्या रंगाऱ्यांनी दोन-तीन ठिपक्यांत महाल उभे केले. 'हिस्टॉरिक जेटलायनर्स ग्रुप'सारख्या हौशी गटानं जुन्या जेट विमानांचा जो संसार त्या मर्यादेत मांडला, त्यातली शिस्त आजही शिकण्यासारखी आहे. आज 4096 पिक्सेलच्या चित्रात तीच खिडकी पंधरा पिक्सेलची होते. कमान नीट काढता येते, आणि चुकली तर तीही नीट दिसते.

पिक्सेल वाढले ही पहिली उडी, दुसरी उडी प्रकाशाची. 2017 चं एक्स-प्लेन 11 आणि 2020 चा मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटर यांत पृष्ठभाग धातूचा किती आणि खरखरीत किती, हे रंगापासून वेगळं सांगता येतं. याचा सर्वांत मोठा फायदा अमेरिकन एअरलाइन्सला झाला. तिचं बोधचिन्ह आखणाऱ्या मासिमो विन्येलीच्या काळापासून 2013 पर्यंत या कंपनीनं ॲल्युमिनियम उघडंच मिरवलं. जुन्या सिममध्ये ते विमान घासूनपुसून ठेवलेल्या स्टीलच्या डब्यासारखं दिसे. आता शेजारशेजारचे पत्रे वेगवेगळे चमकतात. तरीही कित्येक रिपेंटांत नाकाचं टोकही लखलखतं. त्या टोकाआड रडार असतं, धातूतून रडारच्या लहरी जात नाहीत, म्हणून ते टोक धातूचं नसतं आणि त्याला रंग द्यावाच लागतो. इथं साधन कमी पडलेलं नाही, अभ्यास कमी पडला आहे.

ब्रॅनिफ या अमेरिकी कंपनीचं डीसी-8 याच्या उलट टोकाला. 1973 मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डरनं त्याची रचना केली आणि इंजिनांच्या कवचांवर स्वतः ब्रश चालवला. त्याची आजची पुनर्निर्मिती सुरीनं कापल्यासारख्या कडांची असते. रेषा बिनचूक, पण तिच्यातला हात गेलेला. सिंगापूर एअरलाइन्सच्या कॉनकॉर्डची गंमत आणखी वेगळी. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्या एकाच विमानाची डावी बाजू सिंगापूरची होती आणि उजवी ब्रिटिश एअरवेजची. दोन्ही बाजूंना एकच कापड उलटं करून वापरणाऱ्या मॉडेलवर हे विमान होऊच शकत नाही.

आता मुख्य मुद्दा. रिपेंटवाले लिव्हरीला कंपनीची ओळख समजतात. माझ्या मते लिव्हरी ही तारीख असते. 'एम्परर अशोक' हे एअर इंडियाचं पहिलं जम्बो 1971 मध्ये आलं आणि 1 जानेवारी 1978 च्या रात्री 213 माणसांसह वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळलं. सात वर्षंही न जगलेलं हे 747-200 होतं, आखूड वरच्या मजल्याचं. त्याचं नाव लांब मजल्याच्या आणि पंखांची टोकं वर वळलेल्या 747-400 वर लिहिणं म्हणजे नातवाच्या फोटोखाली आजोबांचं नाव घालणं. एअर इंडियाकडे 747-400 आली 1993 मध्ये. झरोके तिच्याही अंगावर होते, पण तिच्या बहिणींची नावं 'अजंठा', 'वेल्हा गोवा' अशी होती. दरम्यान 1989 मध्ये झरोक्यांना फाटा देणारा नवा वेश आला, तो लोकांना रुचला नाही आणि झरोके परतले. 2007 मध्ये शेपटीवर हंस आला, 2023 मध्ये झरोकेच गेले. 'एअर इंडियाची जुनी लिव्हरी' असं एकच काही नाहीच. कोणतं विमान, कोणतं साल, हे आधी सांगा.

यावर एक आक्षेप येतो. ब्रिटिश एअरवेजनं 2019 मध्ये शताब्दीनिमित्त एका 747-400 ला आपल्या पूर्वीच्या बीओएसी या कंपनीचा वेश दिला, आणि बीओएसी तर 1974 मध्येच विलीन झाली होती! मग हौशी माणसानं काय पाप केलं? काहीच नाही, त्यानं ते 2019 चं विमान म्हणून रंगवलं तर. तो सणाचा पोशाख होता आणि त्या पोशाखालाही तारीख आहे.

मळालाही तारीख असते. इंजिनामागची काजळी, चाकांजवळचे तेलाचे ओघळ, उन्हानं विटलेला लाल, हे ज्या त्या विमानाचं असतं. सध्या मात्र मळाचा एक तयार थर सगळ्या विमानांवर सरसकट फासण्याची चाल पडली आहे. नाटकात म्हातारा दाखवायला प्रत्येकाच्या केसांना सारखीच पावडर लावावी, तसं हे.

तेव्हा माझा निवाडा असा: हात कधी नव्हे इतका सफाईदार झाला आहे, वाचन मात्र त्या प्रमाणात वाढलेलं नाही. दोष एकट्या रंगाऱ्यांचा नाही. अमेरिकी आणि युरोपी विमानांची छायाचित्रं बाजूबाजूनं, सालवार सापडतात. आपल्याकडच्यांची तशी सापडत नाहीत. इंडियन एअरलाइन्सची केशरी शेपटी एका पिढीच्या डोळ्यांसमोर होती, 2005 च्या अखेरीस कंपनीचं नावच बदललं आणि आता त्या केशरीची नेमकी छटा ठरवायला विटलेले फोटो तेवढे उरले. एप्रिल 2024 मध्ये 'आग्रा' हे 747 मुंबईहून अमेरिकेला गेलं ते सुटे भाग काढण्यासाठीच. जवळ जाऊन मोजपट्टी लावावी अशी विमानं संपत चालली आहेत.

सांताक्रूझ-कलिन्याच्या हँगरांत आयुष्य घालवलेली माणसं मात्र अजून मुंबई-ठाण्यात आहेत. तुमच्या घरातल्या कुणी तिथं नोकरी केली असेल तर माळ्यावरचा अल्बम खाली काढा. कुणाच्या निरोप समारंभाच्या फोटोत मागे विमानाचं पोट आलं असेल, तर तो फोटो स्कॅन करा. आणि आठवत असेल तर मागे पेन्सिलीनं तारीख लिहा.