सांध्यावरचे संगीत

प्रोग्रेसिव्ह हाउसचा एखादा ट्रॅक सुटा ऐकला की अपुरा वाटतो. सुरुवातीची दीड-दोन मिनिटे नुसता ठेका, त्यावर एखादे हाय-हॅट, मग दबकत येणारी बासलाइन. मधेच कुठेतरी सुरांचा एक पट्टा उलगडतो आणि शेवटची दोन मिनिटे पुन्हा नुसता ठेका. गाणी ऐकायची सवय असलेल्या माणसाला कळत नाही की हे सुरू कधी झाले आणि संपले कधी. त्याची तक्रार रास्त आहे. हा ट्रॅक एकट्याने उभा राहावा म्हणून घडवलेलाच नसतो. त्याची दोन्ही टोके मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात, कारण तिथे दुसऱ्या ट्रॅकने येऊन बसायचे असते. म्हणून या संगीताचा विचार मिक्सपासून सुरू करावा लागतो, आणि मिक्सचे सर्वांत विचारपूर्वक बांधलेले रूप म्हणजे डीजेने केलेला मिक्स-अल्बम. १९९४ ते २००४ या काळात या रूपाने जे साधले ते मला विसाव्या शतकाच्या अखेरच्या लोकप्रिय संगीतातले मोठे काम वाटते. आज मिक्स पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तंत्रही सफाईदार झाले आहे. पण अल्बम जवळजवळ उरलेला नाही. त्याच्याबरोबर नेमके काय गेले, ते नीट पाहायला हवे.

आधी कान कुठे ठेवायचा ते सांगतो. कान ठेवायचा सांध्यावर. प्रोग्रेसिव्ह हाउस मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोक्यांवर चालते, ट्रान्स बहुधा १३२ ते १४० वर. १२८ ठोक्यांच्या गतीत चार-चार मात्रांचे बत्तीस बार म्हणजे बरोबर एक मिनिट. तेवढा वेळ दोन ट्रॅक एकमेकांवर चालवायचे, तर गती तंतोतंत जुळली पाहिजे; टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करण्याची जी पट्टी होती, तिच्यावर बोट ठेवून डीजे हे जुळवत असे. गती जुळली तरी दोन बासलाइन एकत्र नांदत नाहीत, आवाज गढूळ होतो. म्हणून एका ठरलेल्या समेवर जुन्याचा बेस काढून घ्यायचा आणि नव्याचा सोडायचा. त्या क्षणी वरचे सूर अजून जुन्या ट्रॅकचे असतात आणि जमीन नव्याची झालेली असते. हीच या कलेची खास जागा. दोन्ही ट्रॅकचे स्वर एकमेकांना धरून असतील, तर त्या मिनिटात तिसरेच एक संगीत तयार होते, जे दोन्ही मूळ रचनांत नव्हते आणि पुन्हा कुठे ऐकू येणार नाही. चांगला डीजे कोण, याचा निकाल मी याच जागी लावतो. ट्रॅकची निवड अनेकांना जमते. त्या दोघांत काय घडू शकते, हे आधी ऐकू येणारे थोडे.

'प्रोग्रेसिव्ह हाउस' हे नाव रूढ केले डॉम फिलिप्स यांनी, १९९२ साली ब्रिटनच्या 'मिक्समॅग' मासिकात. हेच फिलिप्स पुढे ब्राझीलमध्ये पत्रकारिता करत होते आणि २०२२ साली ॲमेझॉनच्या जंगलात, आदिवासी हक्कांसाठी झटणाऱ्या ब्रुनो परेरांसोबत, त्यांची हत्या झाली. क्लबसंगीताच्या या इतिहासात त्यांचे नाव आदराने घ्यावे असे मला वाटते. त्यांनी हेरलेले संगीत तेव्हा इंग्लंडच्या लहान गावांत वाढत होते. मॅन्सफिल्ड या खाणकामगारांच्या भागात १९९२ मध्ये 'रेनेसाँ' नावाची क्लबची रात्र सुरू झाली. तिथे साशा आणि जॉन डिग्वीड वाजवत. १९९४ चा 'रेनेसाँ : द मिक्स कलेक्शन' हा त्यांचा तीन सीडींचा संच. त्याआधी डीजेंच्या रात्रींच्या कॅसेट हातोहात फिरत, पण त्या चोरट्या आणि खरखरत्या. इथे एका रात्रीचा चढ-उतार परवाने घेऊन, स्वच्छ आवाजात, जपून ठेवण्याची वस्तू म्हणून बाजारात आला.

मात्र माझ्या मते या रूपाला त्याचे खरे शरीर मिळाले ते दोन वर्षांनी, त्याच जोडीच्या 'नॉर्दर्न एक्स्पोजर'मध्ये. दोन तबकड्या, एक उत्तरेची, एक दक्षिणेची. पहिली तबकडी नाचण्याच्या घाईत नाही. तिच्यात ठेका वाट पाहतो. सूर आधी हवा भरून टाकतात. क्लबमध्ये रात्रीच्या एका प्रहराला जे शोभते, तेच घरात, प्रवासात, एकट्याने ऐकणाऱ्या माणसापुढे ठेवायचे नाही, हे साशा-डिग्वीडांना उमगले होते. सीडीची ७४ मिनिटे ही त्यांनी अडचण मानली नाही. त्या मापात मावणारा आकार शोधला. कुठे थांबायचे हे ठरलेले असले की प्रत्येक ट्रॅकला आपली जागा कमवावी लागते. ही संपादनाची कला आहे, आणि संपादनात गाळलेल्याचे वजन ठेवलेल्याइतकेच असते.

त्याच सुमारास 'ग्लोबल अंडरग्राउंड' ही मालिका सुरू झाली. टोनी डी विट यांचे तेल अवीव, निक वॉरन यांचे प्राग, पॉल ओकनफोल्ड यांचे ऑस्लो, डिग्वीडचे सिडनी, साशाचे सॅन फ्रान्सिस्को : प्रत्येक अंकाला एक शहर, त्या शहरात वाजवलेली एक रात्र, आणि डीन बेल्चर यांची छायाचित्रे. पुष्कळसे मिक्स प्रत्यक्षात नंतर स्टुडिओत बांधलेले आहेत. यात फसवणूक झाली असे मी मानत नाही. रात्रीची आठवण आणि रात्रीचे ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी, आणि अल्बमला पहिली लागते. निक वॉरनचे 'बुडापेस्ट' मला या मालिकेत सर्वांत जास्त जवळचे आहे. त्याच्या हातात अंधारी बासलाइनसुद्धा माणसाला दडपत नाही.

आता गोव्याकडे. या विषयात गोवा पाहुणा म्हणून येत नाही. हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात जमलेल्या परदेशी मंडळींनी जे वाजवले, त्यातून नव्वदीत गोवा ट्रान्स उभा राहिला. गोवा गिल हे त्यातले सर्वांत ओळखीचे नाव. २०२३ मध्ये ते गेले. तिथे वाजवण्याची पद्धत इंग्लंडहून अगदी निराळी होती. उन्हात आणि दमट हवेत विनाइलच्या तबकड्या वाकत, शिवाय त्यांचे ओझे. म्हणून गोव्याचे डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट या डिजिटल टेपवर वाजवत. डॅटवर गती हवी तशी जुळवता येत नसे. मग ट्रॅक पूर्ण वाजवायचा, तो विरत असताना पुढचा अलगद आणायचा. गोवा ट्रान्सच्या ट्रॅकना ठेक्याविना तरंगणारी लांब सुरुवात आणि तसाच शेवट असतो, त्याचे एक कारण हे. सांधाच करता येत नाही, तेव्हा सगळा भार अनुक्रमावर येतो : मध्यरात्री काय, पहाटे काय, सूर्य वर आल्यावर काय. इंग्लंडने सांध्याची कला वाढवली, गोव्याने अनुक्रमाची.

या दोन्ही परंपरा एकत्र आल्या १८ डिसेंबर १९९४ रोजी, बीबीसी रेडिओ वनच्या 'इसेन्शियल मिक्स'मध्ये. पीट टाँग यांच्या या कार्यक्रमासाठी पॉल ओकनफोल्ड यांनी दोन तासांचे 'गोवा मिक्स' बांधले. गोवा ट्रान्सच्या घुमणाऱ्या, वळसे घेणाऱ्या सुरावटी त्यात आहेतच. पण त्यांच्यामध्ये 'ब्लेड रनर'साठी व्हँजेलिस यांनी केलेल्या संगीतासारखे चित्रपटसंगीताचे तुकडे आहेत. ठेका थांबतो, पोकळी उघडते, आणि ऐकणारा नाच विसरून कान टवकारतो. क्लबच्या मिक्समध्ये ठेका सोडणे हे धाडसच होते. लोक मैदान सोडून जातील ही भीती. नभोवाणीवर ती भीती नव्हती. डॅट टेपच्या नाइलाजातून जन्मलेला मोकळा श्वास ओकनफोल्ड यांनी अशा रीतीने रचनेचे तत्त्व म्हणून वापरला. तंत्राने पाहिले तर त्यांचे सांधे डिग्वीडइतके अचूक नसतात. तरीही या दोन तासांपुढे त्यांचा १९९८ चा गाजलेला 'ट्रान्सपोर्ट' मला सपाट वाटतो. त्यात एकामागून एक शिखरेच आहेत, दऱ्या नाहीत.

पुढे ट्रान्सची वाट ही अशीच शिखरांची झाली. त्याला अपवाद आहेत. टिएस्टोच्या 'इन सर्च ऑफ सनराइज' मालिकेतला तिसरा, पनामाच्या नावाचा २००२ चा अंक घाई न करता चढतो आणि चढल्यावर ओरडत नाही. पण आर्मिन व्हॅन ब्युरेन यांच्या 'अ स्टेट ऑफ ट्रान्स'च्या वार्षिक मिक्समध्ये दोन सीडींत डझनावारी ट्रॅक कोंबले जातात. प्रत्येकाचा फक्त सुरेल मध्य घ्यायचा आणि पुढे जायचे. वर्षाचा आढावा म्हणून ते उपयोगी आहे, संगीत म्हणून ते थकवते. भावनेचा कळस दर दीड मिनिटाला आला की कळस राहत नाही. आर्मिन यांची सुरांची जाण मोठी आहे, म्हणूनच हे खटकते.

संगणक आल्यावर काय झाले याचे उत्तम उत्तर साशाने २००४ च्या 'इनव्हॉल्व्हर'मध्ये दिले. त्याने इतरांचे ट्रॅक नुसते जोडले नाहीत. त्यांचे सुटे भाग मिळवून ते नव्याने घडवले आणि मग ओवले. अंकल, उलरिख श्नाउस, आणि त्यांच्या शेजारी श्पाँगल. श्पाँगलचे सायमन पॉसफर्ड म्हणजे 'हॅल्युसिनोजेन' या नावाने गोवा ट्रान्सचे मानदंड ठरलेले काम करणारे संगीतकार. गोव्याची धून इथे साशाच्या हातून इतकी आतून बदलून येते की तिचे मूळ सांगितल्याशिवाय लक्षात येऊ नये. अल्बम संपतो तेव्हा लेखक कोण हा प्रश्न खरोखर अवघड झालेला असतो. पाच वर्षांनी योरिस व्होर्न यांनी 'बॅलन्स'च्या चौदाव्या अंकात शंभराहून अधिक ट्रॅकचे तुकडे वापरले. संख्या आर्मिनसारखी, पण इथे एकाचा ठेका, दुसऱ्याचा स्वर, तिसऱ्याचा नुसता उच्छ्वास असे एकाच वेळी थरांनी रचलेले. ऐकताना गर्दी जाणवतच नाही. त्याच मालिकेतला जेम्स होल्डन यांचा २००३ चा पाचवा अंक मी याहून वर ठेवतो, कारण त्यात चूक होईल की काय अशी धार आहे, आणि व्होर्नच्या परिपूर्णतेत ती नाही.

यानंतर उतार लागला, आणि त्याची कारणे संगीताबाहेरची आहेत. सीडीवर मिक्स म्हणजे अखंड आवाज. ट्रॅकच्या खुणा त्याच्या आत केलेल्या असतात, फट नसते. त्याचे एमपीथ्री तुकडे केले की प्रत्येक तुकड्याच्या टोकाला क्षणभराची शांतता चिकटते, आणि ती नेमकी सांध्यावर पडते. म्हणजे जिथे सगळी कला एकवटली आहे तिथेच ठेच. दुसरे कारण परवान्यांचे. प्रत्येक ट्रॅकसाठी त्याच्या मालक-कंपनीची परवानगी लागते. जुन्या परवानग्या सीडीपुरत्या होत्या, त्यामुळे त्या दशकातले कितीतरी अल्बम आज स्ट्रीमिंगवर अधिकृतपणे मिळत नाहीत, किंवा सुट्या ट्रॅकची यादी होऊन पडले आहेत. २०२१ मध्ये ॲपलने शझामच्या साहाय्याने मिक्समधले ट्रॅक ओळखून मूळ निर्मात्यांना पैसे देण्याची सोय जाहीर केली. ती चांगली आहे, पण तिचा ओढा नव्याकडे आहे.

दरम्यान मिक्सक्लाउड, साउंडक्लाउड आणि यूट्यूबवर मिक्स वाहत राहिले. अर्जेंटिनाचे एर्नान कातानेओ आजही दर आठवड्याला 'रेसिडेंट' हा नभोवाणी कार्यक्रम करतात आणि त्यात सुरेख सांधे असतात. प्रोग्रेसिव्हचा जीव आज इंग्लंडपेक्षा ब्युनोस आयर्समध्ये जास्त आहे असे मी म्हणेन. पण आठवड्याचा कार्यक्रम पुढच्या आठवड्याला जागा करून देतो. एकच तबकडी वर्षभर ऐकून तिच्यातला चाळिसाव्या मिनिटाचा सांधा पाठ व्हावा, असे ऐकणे त्याच्याकडून मागितलेच जात नाही. महोत्सवांनी तर वेळच कापला. कांदोळीला २००७ मध्ये सनबर्न सुरू झाला, पुढे काही वर्षे पुण्यातही गेला. तिथल्या एका डीजेच्या वाट्याला तास-दीड तास येतो. उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करण्याचा नियम आपल्याकडे आहे, त्यामुळे ज्या किनाऱ्याने पहाटेचा अनुक्रम जगाला शिकवला तिथे रात्र उलगडायला मोकळे आकाश मिळत नाही. झोपणाऱ्या गावाचा हक्क मला मान्य आहे. कलेचे नुकसान झाले हेही तितकेच खरे.

हणजूणचे नाव मात्र लंडनच्या एका कंपनीने टिकवले. 'अबव्ह अँड बियाँड'ची अंजुनाबीट्स ही कंपनी त्या किनाऱ्यावरून नाव घेऊन २००० साली निघाली. तिची शाखा अंजुनाडीप दर थोड्या काळाने क्रमांकित मिक्स-अल्बम काढते. जेम्स ग्रँट आणि जोडी विस्टर्नॉफ यांनी बांधलेले ते अंक मऊ आहेत, कधी कधी जरा जास्तच मऊ. साशाच्या काळातला काळोख त्यांत नाही. पण ते सुरू होतात, वळतात आणि संपतात. डिग्वीडही आपल्या बेडरॉक कंपनीतून एकेका शहरातल्या रात्रीचे कित्येक तासांचे संच काढतात. लांबी अफाट असली तरी हात तोच, आणि बेस बदलण्याची ती सम अजून चुकत नाही.

कंपन्यांकडे एक मागणी करावीशी वाटते. 'नॉर्दर्न एक्स्पोजर', 'रेनेसाँ'चा पहिला संच आणि 'ग्लोबल अंडरग्राउंड'चे पहिले वीस अंक यांचे परवाने पुन्हा मिळवून ते अखंड, फट न पाडता, मूळ क्रमाने उपलब्ध करावेत. एखादा ट्रॅक मिळाला नाही तर त्याच्या जागी दुसरा घालू नये; त्याला धरून उभे असलेले दोन्ही सांधे त्याने मोडतात. आणि नव्या श्रोत्याला कुठून सुरुवात करायची हे विचारायचे असेल, तर उत्तरेच्या तबकडीपासून, हेडफोन लावून, फोनवरचा शफल बंद करून.