पत्ता कळला म्हणजे हक्क मिळाला का?

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र आधी स्मृतीत तयार होते. पडदा १९२० × १०८० बिंदूंचा आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले, तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात. ही राखून ठेवलेली जागा म्हणजे चित्राचा बफर. प्रोग्रॅम त्यात रंग भरतो आणि ग्राफिक्स प्रोसेसर ते वाचतो. ही जागा कोणत्या प्रोग्रॅमला, कोणत्या पत्त्यावर दिसावी हे ठरवणे, म्हणजेच तिचे मॅपिंग करणे, हे कार्यप्रणालीच्या गाभ्यातील (कर्नलमधील) ड्रायव्हरचे काम. लिनक्समध्ये ते 'जेम' या रचनेनुसार चालते. तिच्या गुणदोषांचा विचार आपण येथे करू.

इंटेलमधील कीथ पॅकार्ड आणि एरिक अनहोल्ट यांची ही रचना डिसेंबर २००८ मध्ये, लिनक्सच्या २.६.२८ या आवृत्तीत आली. तिचा मोठा गुण म्हणजे साधेपणा. कर्नलकडे स्मृती सांभाळण्याची जी यंत्रणा आधीच होती, तिचाच तिने उपयोग केला. कर्नल स्मृतीची मोजणी ४०९६ बाइटांच्या पानांनी करतो. वरच्या चित्राची बरोबर २०२५ पाने होतात. प्रोग्रॅमने मॅपिंग मागताच ही पाने जोडली जात नाहीत. त्याने प्रत्यक्ष हात लावला की 'पेज फॉल्ट' होतो, आणि मग ड्रायव्हर ती जोडून देतो. बफर दुसरीकडे हलवायचा असेल तर ड्रायव्हर जोडणी काढून घेतो. पुढच्या स्पर्शाला ती नव्या जागेशी होते. प्रोग्रॅमला यातले काही कळत नाही. ही योजना आम्हाला उत्तम वाटते.

दोष आहे तो ओळख देण्याच्या पद्धतीत. प्रत्येक बफरला उघडलेल्या फाइलचा दर्जा देता आला असता. परंतु एका प्रोग्रॅमला सहसा १०२४ फाइलीच उघडता येत, आणि बफर तर हजारोंनी लागतात. म्हणून जेमने साधे क्रमांक दिले. दुसऱ्या प्रोग्रॅमला बफर द्यायचा असेल तर 'फ्लिंक' नावाची सोय होती: बफरला सर्वांसाठी एकच सार्वजनिक क्रमांक मिळे, आणि तो सांगणाऱ्याला बफर उघडून मिळे. हे क्रमांक १ पासून ओळीने दिले जात. ज्याला ग्राफिक्स यंत्रणा वापरण्याची परवानगी आहे असा कोणताही प्रोग्रॅम अंदाजाने क्रमांक सांगून दुसऱ्याचे चित्र पाहू शके. त्या चित्रात एखाद्याचे खासगी पत्रही असू शकते. मॅपिंगसाठी दिलेल्या कृत्रिम पत्त्यांचीही तीच गत होती.

शेताचा गट क्रमांक साऱ्या गावाला माहीत असतो. म्हणून कोणी दुसऱ्याच्या शेतात नांगर घालत नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, ते पाहिले जाते. जेममध्ये गट क्रमांक होता, सातबारा नव्हता.

रचनाकारांची बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळच्या एक्स या खिडकी-व्यवस्थेत एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी तशीही वाचता येई. तेव्हा नवे भोक पडले असे कोणाला वाटले नसावे. पण पाया घालताना वरच्या मजल्याच्या उणिवा गृहीत धरल्या, तर मजला दुरुस्त झाल्यावरही पाया कच्चाच राहतो.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली. २०१२ पासून 'डीएमए-बफ'मुळे बफर फाइलच्या रूपाने देता येऊ लागला. तो मालकाने हाती दिल्याशिवाय मिळत नाही, अंदाजाने तर नाहीच. २०१३ च्या ३.१२ या आवृत्तीत, कृत्रिम पत्ता सांगणाऱ्याला त्या बफरचा हक्क आहे का, हे कर्नल तपासू लागला. केवळ गणनेसाठी त्याच आवृत्तीत आलेल्या नव्या प्रवेशद्वारातून फ्लिंकला मज्जाव आहे. जुन्या प्रोग्रॅमांसाठी मात्र फ्लिंक अजून ठेवावे लागले आहे. एकदा दिलेली सोय काढून घेणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

वर्गात स्मृती शिकवताना आपण क्रमांक घातलेल्या खणांच्या कपाटाचा दाखला देतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोणता खण कोणी उघडायचा, हा प्रश्न त्यात येत नाही. तो प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा, आणि उत्तर शोधताना जेमची ही पाच वर्षांची हकिकत त्यांना सांगावी, असे आम्हाला वाटते.