लसीच्या व्याख्येत न मावणारी लस

'लस म्हणजे मारलेले किंवा दुबळे केलेले रोगजंतू' ही व्याख्या वर्गात सर्रास पाठ करून घेतली जाते. जिच्यापासून लसीकरण सुरू झाले ती देवीची लसच या व्याख्येत बसत नाही, अशी आमची तक्रार आहे.

एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये आठ वर्षांच्या मुलाला टोचला तो देवीचा विषाणू नव्हताच. गाईच्या आचळांवर फोड आणणारा, माणसाला मात्र सहसा थोडक्यात सोडणारा असा तो देवीच्या विषाणूचा भाऊबंद होता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली, तीही याच तत्त्वावरची. भाऊबंद विषाणूंची प्रथिने पुष्कळशी सारखी असतात. त्यामुळे एकाला ओळखायला शिकलेले शरीर दुसऱ्यालाही अडवते. व्याख्येतून नेमके हे नातेच गळून पडले आहे.

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. 'शेळीची लस गाईला कशी चालेल?' या रास्त प्रश्नाला पाठ केलेली व्याख्या उत्तर देत नाही. हे दोन विषाणू एकाच गोतातले आहेत, हे सांगितले की उत्तर मिळते.

'निरुपद्रवी' हा शब्दही जपून वापरावा. देवीच्या लसीत पुढे जो व्हॅक्सिनिया विषाणू वापरला जाई, तो गाईच्या देवीच्या विषाणूहून वेगळा असल्याचे १९३९ मध्ये कळले. त्याचाच एक प्रकार १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींमध्ये आढळला. म्हशींचे दूध काढणाऱ्यांच्या हातांवरही त्याने फोड येतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना व्हॅक्सिनिया घातकही ठरू शकतो. म्हणून 'कमी उपद्रवी' म्हणणे बरे.

ही केवळ शब्दांची कीस काढणे नव्हे. देवीचे उच्चाटन झाल्यावर टोचणी थांबली, आणि नंतर जन्मलेल्यांना तिचे संरक्षण मिळाले नाही. २०२२ मध्ये मंकीपॉक्स अनेक देशांत पसरला, तेव्हा व्हॅक्सिनियापासूनच बनवलेली लस उपयोगी पडली.

शिक्षकांनी व्याख्या अशी सांगावी: रोगाचा धोका न पत्करता शरीराला रोगजंतूची ओळख करून देते ती लस. मग विचुंबे असो वा पनवेल, मुलांना घरी आजी-आजोबांच्या हातावरचा देवी काढल्याचा वण पाहायला सांगावे. तो वण ज्या विषाणूने उमटवला तो देवीचा नव्हे, हे मुलांनी स्वतः समजावून सांगितले, तर धडा कळला असे समजावे.