कार्यालयीन ई-मेलचे व्यवस्थापन व जतन : परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील अनुदानित महाविद्यालयांच्या कार्यालयांत गेल्या वीस वर्षांत टपालाचे स्वरूप पालटले आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची परिपत्रके, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची पत्रे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचना, नॅकची विचारणा हे सारे आता मुख्यतः ई-मेलने येते. पत्र आले की त्याची छापील प्रत निघते, ती संबंधितांच्या हाती पडते आणि मूळ संदेश इनबॉक्समध्ये तसाच राहतो. आवक नोंदवहीत तो चढतोच असे नाही. तो किती काळ ठेवावयाचा, कोणी ठेवावयाचा आणि केव्हा पुसावयाचा, याविषयी लेखी निर्णय क्वचितच आढळतो.

प्रस्तुत लेखात या स्थितीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. कायद्याने ई-मेलला अभिलेखाचा दर्जा केव्हाच दिला. कार्यालयाने मात्र त्याला अद्याप आवक क्रमांकही दिलेला नाही. संगणक आला तेव्हा कागदी दप्तराबरोबर त्या दप्तराची शिस्तही बाजूला पडली, हे या उणिवेचे मूळ कारण होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जुन्या दप्तराची शिस्त :

महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनात अँडरसन यांच्या नावाने ओळखली जाणारी अभिलेख पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. तीनुसार प्रकरण निकाली निघाल्यावर त्याला वर्ग दिला जातो. सर्वसाधारणपणे ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा, ‘क’ वर्ग १० वर्षांचा, ‘क-१’ ५ वर्षांचा आणि ‘ड’ वर्ग एका वर्षाचा. याच्या जोडीला लिपिकाच्या टेबलावर सहा गठ्ठे पद्धत असते : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाची प्रकरणे. मुदत संपलेले कागद काढून टाकण्याच्या कामाला शासकीय मराठीत ‘निंदणीकरण’ म्हणतात. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात निंदणी म्हणजे काय हे कोणास सांगावयास नको. पीक ओळखता आले तरच तण काढता येते. न ओळखता खुरपे चालविले तर रोपही जाते.

या पद्धतीचे मर्म असे की, कागद ठेवणे आणि कागद नष्ट करणे या दोन्ही गोष्टी निर्णयाने होतात. त्या निर्णयाची नोंद राहते आणि निर्णय घेणाऱ्याची स्वाक्षरीही राहते. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. असे विभाजन होते तेव्हा तालुका, गाव व विषय यांनुसार लावलेले दप्तर वाटून देता येते. हजारो संदेशांच्या, विषयवारी नसलेल्या इनबॉक्सचे असे विभाजन करता येणार नाही.

जतनाचे मोल पुष्कळदा जतन करणाऱ्याला ठाऊक नसते. मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी कागदपत्रे पुन्हा उघडावी लागली. ज्या लेखनिकांनी त्या नोंदी केल्या, त्यांना त्यांच्या भावी उपयोगाची कल्पना नव्हती. तरीही त्या वाचल्या, कारण त्या कोणाच्या खासगी पेटीत नव्हत्या. त्या दप्तरात होत्या.

कायद्याची भूमिका आणि तिच्यातील रिक्त जागा :

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता दिली आणि कलम ७ ने जतनाच्या अटी सांगितल्या. माहिती पुढे संदर्भासाठी उपलब्ध होईल अशी असावी. ती मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दर्शविणाऱ्या स्वरूपात ठेवावी. आणि तिचा उगम, गंतव्य, पाठविल्याची वा मिळाल्याची तारीख व वेळ कळेल असा तपशील सोबत असावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(च) मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा नावाने उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ४ नुसार अभिलेख सूचिबद्ध करून ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरते. मागितलेली माहिती नष्ट केल्यास कलम २० अन्वये दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते.

हे आमच्या महाविद्यालयाला लागू नाही, असा समज काही ठिकाणी अजूनही असतो. डी. ए. व्ही. कॉलेज ट्रस्ट प्रकरणात १७ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाकडून भरीव निधी मिळणाऱ्या संस्था या अधिनियमाच्या कक्षेत येतात असा निर्वाळा दिल्यामुळे अनुदानित महाविद्यालयाला तसे म्हणण्यास फारशी जागा उरलेली नाही.

येथे कायद्याची उणीवही नोंदविणे आवश्यक आहे. कलम ७ ई-मेल कसा ठेवावा हे सांगते. किती काळ ठेवावा हे सांगत नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ संगणकाने निर्माण केलेल्या साहित्याला अभिलेख मानतो आणि विहित रीतीखेरीज तो नष्ट करण्यास मनाई करतो. महाराष्ट्राने २००५ साली आपला स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला. परंतु विहित रीत कागदी संचिकेला समोर ठेवून घडलेली आहे. केंद्र शासनाने २०१४ साली आखलेल्या ई-मेल धोरणात पदनामाचे खाते आणि व्यक्तीच्या नावाचे खाते यांत भेद केला, ही स्वागतार्ह बाब होती. मात्र महत्त्वाच्या मजकुराची प्रत वेळोवेळी काढून ठेवण्याचा भार त्याच धोरणाने वापरकर्त्यावर टाकला. जतनाची जबाबदारी संस्थेकडून व्यक्तीकडे सरकणे हे दप्तराच्या मूळ कल्पनेशी विसंगत आहे.

प्रचलित व्यवहारातील तीन दोष :

(१) खाते व्यक्तीचे, काम संस्थेचे. कार्यालयाचा ई-मेल पत्ता बहुधा मोफत सेवेवर उघडलेला असतो. त्याची पडताळणी एखाद्या प्राध्यापकाच्या वा लिपिकाच्या भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेली असते. तो कर्मचारी सेवानिवृत्त झाला की परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो. मग नवे खाते उघडले जाते आणि जुने तसेच सोडले जाते. गुगलने मे २०२३ मध्ये धोरण जाहीर करून, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून पुसण्यास सुरुवात केली. सोडून दिलेल्या खात्यातील पत्रव्यवहार आपोआप नाहीसा होण्याची वाट आता मोकळी आहे.

(२) छापील प्रत म्हणजेच अभिलेख ही समजूत. छापील प्रतीत मजकूर येतो. पण संदेश कोणत्या सर्व्हरवरून कोणत्या क्षणी निघाला, हा शीर्षभागातील तपशील सहसा येत नाही. जोडपत्रेही अनेकदा मागे राहतात. कलम ७ ची तिसरी अट येथेच अपुरी पडते.

(३) ‘सर्व ठेवा’ आणि ‘सर्व पुसा’ ही दोन टोके. २००४ पूर्वीच्या मोफत सेवांत जागा काही मेगाबाइटचीच असे. त्यामुळे पुसणे भाग पडे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक गिगाबाइट जागा देऊ केली आणि पुसण्याची गरजच नाही ही सवय जडली. पुढे गुगलने २०२१ साली शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण बंद करण्याचे जाहीर करून सामायिक १०० टेराबाइटची मर्यादा घातली, तेव्हा जागा करण्यासाठी पुसण्याचा काळ पुन्हा आला. दोन्ही वेळी निर्णय सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या जागेने केला, कार्यालयाने केला नाही.

‘सर्व ठेवा’ हे धोरणही निर्दोष नाही. शिष्यवृत्तीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या आधार कार्डाच्या, जात प्रमाणपत्राच्या, बँक पासबुकाच्या प्रती इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे तत्त्व असे आहे की, उद्देश संपल्यावर व्यक्तिगत विदा पुसावी. दुसऱ्या कायद्याने जतन आवश्यक असेल तेवढाच अपवाद. या अधिनियमाच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. म्हणजे अकारण ठेवणे हाही यापुढे दोषच ठरेल.

याची झळ कोणास लागते? २०२०-२१ या कोरोनाकाळात प्राध्यापकांनी केलेल्या ऑनलाइन उजळणी वर्गांची व कार्यशाळांची प्रमाणपत्रे बहुतांशी ई-मेलनेच आली. ऑनलाइन परीक्षांविषयीच्या सूचनाही त्याच वाटेने आल्या. पदोन्नतीच्या प्रस्तावात किंवा निवृत्तिवेतनाच्या वेळी सेवेतील एखाद्या मान्यतेचा पुरावा मागितला गेला, तर तीस वर्षांपूर्वीचे कागदी मान्यतापत्र संचिकेत सापडण्याची शक्यता आहे. पाच वर्षांपूर्वीचा ई-मेल सापडेलच, अशी खात्री देता येत नाही.

जालन्याच्या खटल्याचा धडा :

इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचा देशातील एक मार्गदर्शक निर्णय परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील वादातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील मताधिक्य अवघे २९६ होते. विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाले होते काय, हा प्रश्न होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण उपलब्ध होते. परंतु भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब नुसार लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशाणराव गोरंट्याल या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने अपिले फेटाळली आणि सांगितले की, मूळ उपकरण न्यायालयात आणता येत नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र सर्व प्रयत्न करूनही ते न मिळालेल्या पक्षकाराला त्या अटीतून सूट मिळू शकते.

ई-मेलचा सर्व्हर न्यायालयात आणता येणे अशक्यप्राय आहे. त्यामुळे ई-मेलच्या पुराव्याला प्रमाणपत्र लागणार, हे उघड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत असून त्यात अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरात बदल झाल्यास लगेच बदलणारी संगणकीय खूण, नमूद करावी लागते. ज्या कार्यालयाला आपला ई-मेल कोणाच्या ताब्यात आहे हेच सांगता येत नाही, त्याने असे प्रमाणपत्र कशाच्या आधारे द्यावे?

परदेशातील एक प्रयोग :

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ साली ‘कॅपस्टोन’ नावाची पद्धत पुढे आणली. प्रत्येक संदेशाची छाननी अशक्य असल्याने खातेदाराच्या पदावरून मुदत ठरवावी, असे तिचे सूत्र आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे ई-मेल कायम, इतरांचे सर्वसाधारणपणे सात वर्षे. मोठ्या मंत्रालयासाठी हे सूत्र सोयीचे असले तरी ते आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाही. महाविद्यालयात प्राचार्यांचे खाते हेच बहुधा सर्व टपालाचे एकमेव दार असते. पदावरून मुदत ठरविली तर बिंदुनामावलीची मान्यता आणि चर्चासत्राचे निमंत्रण दोन्ही कायमची ठेवावी लागतील. येथे विषयानुसार वर्ग देण्याची आपली जुनी रीतच अधिक उपयुक्त ठरते.

उपाययोजना :

१. खाते पदनामाने व संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर असावे आणि पदभार हस्तांतरणाच्या अहवालात त्याचा उल्लेख असावा.

२. कार्यवाही अपेक्षित असलेल्या प्रत्येक ई-मेलला त्याच दिवशी आवक क्रमांक व संचिका क्रमांक द्यावा.

३. मान्यता, संलग्नीकरण व बिंदुनामावली यांना ‘अ’ वर्ग. सेवाविषयक पत्रांना निवृत्तिवेतन मंजूर होईपर्यंतची आणि त्यानंतरची पुरेशी मुदत. निमंत्रणे व स्मरणपत्रे यांना ‘ड’ वर्ग द्यावा.

४. वर्ग ‘अ’ व सेवाविषयक ई-मेल शीर्षभाग व जोडपत्रांसह ईएमएल स्वरूपात, हॅश मूल्यासह, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत.

५. वर्षातून एकदा यादी करून प्राचार्यांच्या स्वाक्षरीने निंदणीकरण करावे. न्यायप्रकरण, लेखापरीक्षण किंवा माहितीचा अर्ज प्रलंबित असलेल्या विषयाला त्यातून वगळावे.

६. वर्गीकरणाचे शास्त्र ज्यांना अवगत आहे त्या ग्रंथपालांना या कामात सहभागी करून घ्यावे.

शिक्षकेतर पदे रिक्त असताना हा भार कोणी वाहावा, हा आक्षेप रास्त आहे. तथापि दिवसभरात येणाऱ्या संदेशांपैकी खरोखर नोंदीयोग्य संदेश थोडेच असतात. त्यांची नोंद करण्यास लागणारा वेळ हा पुढे जुने पत्र शोधण्यात जाणाऱ्या वेळेच्या तुलनेत अल्प आहे.

समारोप :

ई-मेलचे जतन हा विषय संगणक विभागाकडे सोपवून मोकळे होता येणार नाही. तो दप्तराचा विषय आहे, आणि दप्तर ही संस्थेच्या उत्तरदायित्वाची जागा आहे. साठवणीची साधने बदलत राहतील, कंपन्यांची धोरणेही बदलतील. काय ठेवावयाचे आणि काय काढून टाकावयाचे, हा निर्णय मात्र कार्यालयानेच नोंद करून व स्वाक्षरी करून घ्यावा लागेल. प्रत्येक महाविद्यालयाच्या महाविद्यालय विकास समितीने येत्या शैक्षणिक वर्षात एक पानाचा जतन-ठराव मंजूर केला, तरी या दिशेने पहिले पाऊल पडेल.