'तटस्थ', 'मोफत' आणि 'भेदभाव' : इंटरनेटविषयक एका वादाची शब्दचिकित्सा

इ. स. २०१५ आणि २०१६ ह्या दोन वर्षांत इंटरनेटच्या वापरावरील आकारणीसंबंधी भारतात जो वाद झाला, त्याचे वर्णन बहुधा जयपराजयाच्या भाषेत केले जाते. एका बाजूस मोठ्या कंपन्या, दुसऱ्या बाजूस जागरूक नागरिक, आणि शेवटी नागरिकांच्या बाजूने लागलेला निर्णय, असे ते वर्णन असते. ते खोटे नाही; परंतु भाषेच्या अभ्यासकाचे त्याने समाधान होऊ नये. ह्या वादात युक्तिवाद पुष्कळ झाले. तथापि त्यांतील बहुतेकांचा शेवट आरंभीच स्वीकारलेल्या एखाद्या नावात दडलेला होता. ज्याने नाव दिले त्याने अर्धे उत्तर मिळविले, अशी ह्या वादाची जात आहे. म्हणून त्याचा निकाल नव्हे, तर त्याची परिभाषा येथे तपासावयाची आहे.

वादाचा आरंभ भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्रायने) २७ मार्च २०१५ रोजी प्रसिद्ध केलेल्या विचारविनिमय-पत्रिकेने झाला. ११८ पृष्ठांच्या ह्या पत्रिकेत लोकांपुढे २० प्रश्न ठेवलेले होते. पत्रिकेचा विषय 'ओव्हर द टॉप' सेवांचे नियमन हा होता. ही संज्ञा दूरसंचार व्यवसायातील आहे. व्हॉट्सॲप, स्काइप यांसारख्या सेवा दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यावरून, पण त्या कंपन्यांच्या हाताबाहेर राहून चालतात, म्हणून त्या 'वरून' जाणाऱ्या. आता 'वर' आणि 'खाली' ह्या दिशा कोणाच्या दृष्टीने ठरतात? ज्याच्या मालकीची तार आहे त्याच्या. ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर पत्र ही मूळ गोष्ट असून टपालगाडी तिच्या सोयीसाठी आहे. पत्र टपालगाडीच्या टपावर बसून आले, असे कोणी म्हणत नाही. मराठीत 'डोक्यावर बसणे' हा वाक्प्रचार ज्या अर्थाने वापरतात, त्याची छटा ह्या इंग्रजी संज्ञेलाही आपोआप चिकटते. पत्रिकेने ही संज्ञा शीर्षकातच घेतल्यामुळे 'ह्या सेवांनी जाळ्याच्या मालकास काही द्यावयास हवे काय?' हा प्रश्न विचारण्यापूर्वीच त्या देणेकऱ्याच्या जागी उभ्या राहिल्या. प्राधिकरणाचा हेतू पक्षपाती होता असा ह्याचा अर्थ नव्हे. परिभाषा उसनी घेतली की तिच्याबरोबर उसन्या देणाऱ्याची दृष्टीही येते, एवढेच.

दुसऱ्या पक्षाचे बोधशब्द होते 'नेट न्यूट्रॅलिटी'. 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' ही संज्ञा टिम वू ह्या अमेरिकी विधिज्ञाने २००३ मधील निबंधाने रूढ केली. जाळ्यावरून जाणाऱ्या सर्व आशयाशी जाळ्याच्या चालकाने सारखेच वागावे, हे तिचे तात्पर्य. मराठी लेखनात ही संज्ञा कधी जशीच्या तशी आली, तर कधी 'तटस्थता' व 'समानता' ह्या वेषांत आली. हिंदीत 'निरपेक्षता' हाही पर्याय आढळतो. ह्या तिन्ही पर्यायांनी वेगवेगळी फसगत केली आहे. 'तटस्थ' म्हणजे तटावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. दोघांच्या भांडणात जो पडत नाही तो तटस्थ. पूर्वी राष्ट्रांच्या संबंधातही हा शब्द ह्याच अर्थाने येत असे. परंतु दूरसंचार कंपनी तटावर उभी नसते. ती नावाडी असते. नावाड्याने भांडणात न पडणे निराळे, आणि कोणत्याही उतारूस पैलतीरी नेताना हात आखडता न घेणे निराळे. पहिल्यात निष्क्रियता आहे, दुसऱ्यात कर्तव्य आहे. ह्या वादात कंपन्यांपुढे जी मागणी होती ती दुसऱ्या प्रकारची होती. शब्द मात्र पहिल्या प्रकारचा मिळाला. 'समानता' ह्या पर्यायाने कर्तव्याचा अर्थ येतो खरा, परंतु कोणाकोणातील समानता हे सांगितल्याशिवाय तो शब्द लंगडा राहतो. आणि वादाचे मर्म नेमके त्या 'कोणाकोणातील' ह्यातच होते. त्याचा विचार पुढे येईल.

तत्पूर्वी 'मोफत' ह्या शब्दाकडे वळणे इष्ट आहे. फेसबुक कंपनीची इंटरनेट डॉट ऑर्ग ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाली. तीत निवडक संकेतस्थळे विनाशुल्क पाहता येत, उर्वरित इंटरनेट नव्हे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिचे नामांतर 'फ्री बेसिक्स' असे झाले. हे नामांतर अर्थपूर्ण आहे. पहिल्या नावात संपूर्ण इंटरनेटचा दावा होता आणि आक्षेपकांचा सर्व रोख त्या दाव्यावर होता. दुसऱ्या नावाने दावा सोडला आणि दोन निर्विवाद वाटणारी विशेषणे स्वीकारली. इंग्रजी 'फ्री' हा शब्द मूल्याचा अभाव आणि बंधनाचा अभाव हे दोन्ही अर्थ एकाच वेळी देतो. मराठीस ही संदिग्धता परवडत नाही. येथे 'मुक्त' वेगळे, 'मोफत' वेगळे, आणि ज्यात किंचित तुच्छता मिसळली आहे ते 'फुकट' आणखी वेगळे. योजनेचे नाव मराठीत खरोखर भाषांतरित करण्याची वेळ आली असती, तर ती मोफत आहे पण मुक्त नाही हे भाषांतरकारास पहिल्याच शब्दाशी ठरवावे लागले असते. इंग्रजीत चाललेल्या वादास हा मुद्दा सिद्ध करण्यासाठी कित्येक महिने लागले.

योजनेच्या समर्थनाचा सर्वांत प्रभावी लेख तिच्या प्रवर्तकाचाच होता. मार्क झुकरबर्ग यांनी डिसेंबर २०१५ च्या अखेरीस टाइम्स ऑफ इंडियात तो लिहिला. त्याची रचना तीन उपमांवर उभी आहे: ग्रंथालय, रुग्णालय आणि शाळा. ग्रंथालयात सर्व पुस्तके नसतात, तरी त्याने कल्याण होते. सरकारी रुग्णालय सर्व व्याधी बऱ्या करीत नाही, तरी जीव वाचतात. त्याचप्रमाणे थोड्या संकेतस्थळांचे मोफत इंटरनेटही हितकारकच, असा त्याचा आशय. उपमा चातुर्याच्या आहेत आणि वाचकास पटकन पटतात. परंतु ज्या साधर्म्यावर त्या उभ्या आहेत ते तपासले पाहिजे. ह्या तिन्ही संस्थांस आदर मिळतो तो केवळ त्या मोफत आहेत म्हणून नव्हे. त्या सार्वजनिक आहेत म्हणून. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. ग्रंथालयाची पुस्तके कोणी निवडावी, हिशेब कोणापुढे ठेवावा, ह्याचा विचार सार्वजनिक रीतीने होऊ शकतो. एखाद्या प्रकाशकाने स्वतःच्या अटींत बसणारी पुस्तके मांडून गावात वाचनकक्ष उघडला, तर गाव त्याचे आभार मानील. पण त्यास 'गावचे ग्रंथालय' म्हणण्यापूर्वी थोडे थांबेल. लेखातील उपमा ह्या थांबण्याच्या जागेवरूनच झपाट्याने पुढे जातात. अपुरेपणा हे साधर्म्य त्यांनी दाखविले. नियंत्रण कोणाचे, हे वैधर्म्य झाकले.

ह्याच लेखात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला आहे. योजनेमुळे त्यास हवामानाची माहिती व शेतमालाचे भाव कळू लागले, असे लेखक सांगतो. तो दाखला खरा नसेल असे मानण्याचे कारण नाही. खटकते ते वेगळेच. सबंध वादात हा शेतकरी तृतीयपुरुषी राहिला. समर्थकांनी त्याच्या वतीने सांगितले की त्यास काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे. विरोधकांनी त्याच्या वतीने सांगितले की गरिबासाठी गरीब इंटरनेट नको. दोघांनीही त्यास विचारले नाही, आणि विचारले असते तरी उत्तर देण्याची वाट त्यास नव्हती, कारण प्राधिकरणाच्या पत्रिका मराठीत नव्हत्या. वादग्रस्त योजना मात्र मराठीत उपलब्ध होती. मराठी भाषकांच्या दृष्टीने ही विसंगती लहान नाही: वस्तू आपल्या भाषेत आणि तिच्याविषयीचा विचार परक्या भाषेत, अशी ती वाटणी होती.

विरोधकांच्या वक्तृत्वाचीही चिकित्सा व्हावयास हवी; ती फारशी झालेली नाही. 'इंटरनेट वाचवा' ही घोषणा ज्याच्याजवळ इंटरनेट आहे त्याची घोषणा होय. जे हाती आहे तेच वाचविता येते. ज्यांपर्यंत जाळे पोहोचलेच नव्हते त्यांना तीत स्थान नव्हते, आणि समर्थकांनी ह्या उणिवेचा पुरेपूर फायदा घेतला. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीची उपमा इतक्या सढळ हाताने वापरली गेली की तिच्यातील विचार झिजून केवळ चीड उरली. फेब्रुवारी २०१६ मध्ये फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी वसाहतवादाच्या विरोधामुळे भारताचे आर्थिक नुकसान झाले अशा आशयाचे उद्गार काढून त्या झिजलेल्या उपमेस पुन्हा धार आणली. त्यांनी नंतर क्षमा मागितली आणि झुकरबर्ग यांनीही ते मत आपले नसल्याचे सांगितले. निर्णय त्यापूर्वीच झाला होता. तेव्हा त्या उद्गारांमुळे निर्णय लागला असे जे कधीकधी ऐकू येते, ते कालक्रमास धरून नाही.

अधिक महत्त्वाचा प्रश्न पत्रांचा आहे. एप्रिल २०१५ मध्ये प्राधिकरणाकडे १० लाखांहून अधिक ई-पत्रे गेली. त्यांपैकी पुष्कळशी विरोधकांच्या चळवळीने तयार करून ठेवलेल्या मसुद्यावर आधारलेली होती. डिसेंबरात भेदात्मक दरांविषयी दुसरी पत्रिका निघाली तेव्हा फेसबुकनेही आपल्या सदस्यांकडून तयार मसुद्याची लाखो पत्रे पाठविली. मग पहिली पत्रे लोकमत आणि दुसरी पत्रे बनावट, असे म्हणावे काय? विरोधकांपैकी अनेकांनी तसेच म्हटले, आणि ते म्हणणे टिकत नाही. मसुदा तयार असणे हा दोष मानला, तर तो दोन्हीकडे आहे. फरक दुसरीकडे आहे आणि तो शुद्ध भाषिक आहे. उत्तर हे उत्तर ठरते ते प्रश्नाशी असलेल्या त्याच्या संबंधामुळे, बोलणाऱ्यांच्या संख्येमुळे नव्हे. पहिल्या मसुद्यात विचारलेल्या २० प्रश्नांना क्रमाने उत्तरे होती. ती पटोत वा न पटोत, ती उत्तरे होती. दुसऱ्या मसुद्यात एका योजनेस पाठिंबा होता; परंतु प्राधिकरणाने त्या योजनेविषयी प्रश्नच विचारलेला नव्हता. त्याने दरांतील भेदाविषयी विचारले होते. प्राधिकरणाने जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकला लिहिताना हाच भेद दाखविला, आणि विचारविनिमयाचे रूपांतर संख्याबळाच्या कौलात करण्यास हरकत घेतली. सार्वजनिक चर्चेच्या इतिहासात शासकीय पत्रव्यवहाराने इतके नेमके तर्कशास्त्र क्वचितच सांगितले असेल.

८ फेब्रुवारी २०१६ चे विनियम ह्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. त्यांच्या शीर्षकात 'तटस्थता' नाही, 'मोफत' नाही, आणि 'ओव्हर द टॉप'ही नाही. वादातील तिन्ही लाडकी नावे बाजूस ठेवून प्राधिकरणाने 'भेदभावपूर्ण दर' ही संज्ञा घेतली. ती नवी नव्हती. १९९९ च्या दूरसंचार दर-आदेशात ती होतीच. परंतु तेथे भेदभाव न करण्याचे बंधन एकाच वर्गातील ग्राहकाग्राहकांमध्ये होते. २०१६ च्या विनियमांनी आशयाच्या आधारावर निराळा दर लावण्यास मनाई केली, आणि 'आशय' ह्या शब्दात जाळ्यावरून जाणारी सर्व प्रकारची सामग्री घेतली. 'भेद करणे' ह्या क्रियेस 'कोणाकोणात' अशी आकांक्षा असते. ती आकांक्षा १९९९ मध्ये माणसांनी पुरी केली होती, २०१६ मध्ये ती आशयाने पुरी केली. समर्थकांचा मुख्य बचाव असा होता की योजना सर्व ग्राहकांस सारखीच खुली आहे, आणि अटी पाळणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळास तीत येता येते. मग भेदभाव कोठे आहे? जुन्या अर्थाने हा बचाव बराचसा बिनतोड होता. म्हणून जुन्या शब्दाचे अवधान बदलणे, हीच ह्या निर्णयाची खरी कृती होय. विनियमांसोबतच्या स्पष्टीकरणात तिचे कारणही दिले आहे: बहुसंख्य जनता अद्याप जोडली जावयाची असताना प्रवेशाचे स्वरूप कंपन्यांना ठरवू दिले, तर नव्या वापरकर्त्याचे इंटरनेटच त्या घडवतील. वादात ज्या अनुपस्थित माणसाच्या नावाने दोन्ही पक्ष बोलले, त्यास विचारात घेणारे हे एक वाक्य विनियमांत आले, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

तरीही शब्दांच्या कडा पूर्णपणे बंद झाल्या नाहीत. विनियमांतून 'बंदिस्त इलेक्ट्रॉनिक संदेशवहन जाळे' वगळण्यात आले. जी सामग्री इंटरनेटवरून जात नाही, केवळ कंपनीच्या आपल्या जाळ्यात फिरते, तिला ही मनाई लागू नाही. नियमातून सुटण्यासाठी अपवादाचा उपयोग करू नये, अशी अट जोडलेली आहे. परंतु सुटण्याचा हेतू कोणता आणि व्यवसायाचा हेतू कोणता, हे पुन्हा शब्दार्थाचेच काम आहे. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये आशयाशी समान वागणुकीचे व्यापक तत्त्व मान्य केल्यावर हा विषय संपला असे वाटले होते. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाची नवी पत्रिका निघाली, आणि 'ओव्हर द टॉप' ही संज्ञा शीर्षकात परत आली. तिच्याबरोबर दूरसंचार कंपन्यांकडून एक नवे विशेषणही आले: मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या खर्चाचा 'न्याय्य' वाटा उचलावा. 'वाटा' म्हटले की आधी सामाईक मालमत्ता असावी लागते. जाळे कोणाचे, हा प्रश्न ह्या एका नामाने पुन्हा उघडला आहे, आणि ह्या खेपेस मराठी वृत्तपत्रांनी 'न्याय्य वाटा' हे भाषांतर स्वीकारण्यापूर्वी तो विचारावयास हवा.