पाहिली जाणारी आणि पाहणारी : सोनाली बेंद्रे यांची कारकीर्द आणि 'अनाहत'

मराठी चित्रपटसमीक्षेत 'मॉडेल' हा शब्द बहुधा निवाड्याच्या सुरात वापरला जातो. एखाद्या अभिनेत्रीविषयी 'ती मुळात मॉडेल' असे म्हटले की तिच्या अभिनयाची चर्चा सुरू होण्यापूर्वीच संपते. जाहिरातीतून चित्रपटात आलेल्या स्त्रीजवळ देखणेपण असते, अभिनय नसतो, असे गृहीतक त्यामागे असते. प्रस्तुत लेखात सोनाली बेंद्रे यांच्या कारकिर्दीच्या आधारे हे गृहीतक तपासले असून, त्यातही मुख्य भर अमोल पालेकर दिग्दर्शित 'अनाहत' (२००३) या मराठी चित्रपटावर आहे.

जाहिरात आणि चित्रपट यांचे नाते जुने आहे. मात्र त्याची दिशा पुढे बदलली. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा त्या आधीच नामवंत नटी होत्या आणि साबणाला त्यांच्या कीर्तीची गरज होती. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने आणि उपग्रह वाहिन्यांनी हा क्रम उलटा केला. आता चेहरा आधी जाहिरातीत रुजू लागला आणि चित्रपट त्याला तेथून उचलू लागला. १९९३ ची मिस इंडिया नम्रता शिरोडकर पुढे 'वास्तव' (१९९९) आणि 'अस्तित्व' (२०००) या चित्रपटांत दिसली. तिची आजी मीनाक्षी शिरोडकर यांनी 'ब्रह्मचारी' (१९३८) या मास्टर विनायकांच्या चित्रपटात पोहण्याचा पोशाख घातला, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती, हे मराठी रसिकांना ठाऊक आहे. एकाच घराण्यातील दोन पिढ्यांच्या या अनुभवांतून समाजाची नजर किती बदलली आणि किती तशीच राहिली, याचा स्वतंत्र अभ्यास होऊ शकेल.

१ जानेवारी १९७५ रोजी मुंबईत मराठी कुटुंबात जन्मलेल्या सोनाली बेंद्रे मॉडेलिंगमधून 'आग' (१९९४) या हिंदी चित्रपटात आल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांच्या वाट्याला आलेल्या भूमिका पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. 'बॉम्बे' (१९९५) मध्ये त्या एका गाण्यापुरत्या आहेत. 'दिलजले' (१९९६) आणि 'मेजर साब' (१९९८) या चित्रपटांत नायकाचा संघर्ष हाच विषय आहे आणि नायिका त्या संघर्षाच्या कडेला उभी आहे. 'सरफरोश' (१९९९) हा त्या काळातील एक चांगला हिंदी चित्रपट. पण तेथेही सीमा या व्यक्तिरेखेचे काम पोलीस अधिकारी असलेल्या नायकाच्या कठोर जगात थोडा ओलावा आणण्याचेच आहे. तेलुगूत 'मुरारी' (२००१), 'इंद्र' (२००२) आणि 'मन्मथुडू' (२००२) या चित्रपटांनी त्यांना मोठे यश दिले, परंतु ते यश त्यांना परक्या असलेल्या भाषेतले होते. १९९६ मध्ये मायकेल जॅक्सन मुंबईत आला, तेव्हा विमानतळावर नऊवारीत त्याचे स्वागत करण्यासाठी याच अभिनेत्रीची निवड झाली होती. महाराष्ट्राचे प्रतीक म्हणून त्यांचा चेहरा चालत होता. मराठी भूमिका मात्र त्यांच्याकडे येत नव्हती.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. मॉडेलचे सारे शिक्षण आहार्याचे, म्हणजे वेशभूषा व अलंकरणाचे, आणि काही अंशी आंगिकाचे असते. वस्त्र अंगावर कसे वागवावे, मान किती वळवावी, प्रकाश कोठून येतो आहे, नजर कोठे स्थिरावी आणि स्थिर असताना शरीर निर्जीव कसे दिसू नये, हे तिला नेमके कळते. हिंदी चित्रपटाने बेंद्रे यांच्यातील हे कौशल्य सजावटीसाठी वापरले आणि समीक्षेने त्या सजावटीलाच त्यांची मर्यादा ठरवले. यातील दुसरा अन्याय अधिक मोठा म्हणावा लागेल, कारण तो विचारपूर्वक लिहिणाऱ्यांकडून झाला.

हे कौशल्य अभिनयाचा पाया होऊ शकते, याचा दाखला फ्रान्समध्ये सापडतो. दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ आपल्या नटांना नट म्हणतच नसे. 'मॉडेल' हाच शब्द वापरी. भावनेचे प्रदर्शन त्याला नको होते. १९६९ मध्ये दस्तयेव्हस्कीच्या एका दीर्घकथेवरून केलेल्या चित्रपटात त्याने दोमिनिक सांदा या फॅशन मॉडेलला प्रमुख भूमिका दिली. गहाणवटीचा व्यवसाय करणारा पती आपल्या मृत पत्नीविषयी अखंड बोलतो आहे आणि पत्नीचे मौन काही केल्या त्याच्या हाती लागत नाही, अशी ती रचना आहे. सांदाची निश्चल मुद्रा हेच त्या चित्रपटाचे नाट्य आहे. पुढच्याच वर्षी ती बेर्तोलुचीच्या 'द कन्फर्मिस्ट'मध्ये दिसली आणि १९७६ मध्ये तिला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक विभागून मिळाले. सांदाला असा दिग्दर्शक पहिल्याच चित्रपटात लाभला. बेंद्रे यांना त्यासाठी जवळजवळ दहा वर्षे थांबावे लागले.

'अनाहत' हा सुरेंद्र वर्मा यांच्या 'सूर्य की अंतिम किरण से सूर्य की पहली किरण तक' या हिंदी नाटकावर आधारित आहे. राजा संतती देण्यास असमर्थ आहे. राज्याला वारस हवा, म्हणून अमात्य नियोगाचा मार्ग पुढे करतात : राणी शीलवतीने जमलेल्या पुरुषांतून एकाची निवड करून त्याच्यासोबत एक रात्र घालवावी. राजाची भूमिका अनंत नाग यांनी, तर महत्तरिकेची दीप्ती नवल यांनी केली आहे. महाभारतातील नियोगप्रसंगी अंबिका डोळे मिटून घेते, ही कथा सर्वपरिचित आहे. शीलवती डोळे उघडे ठेवते. पहाटे ती परतते, ती स्वतःच्या शरीराची ओळख झालेली स्त्री म्हणून; आणि राजधर्म, पत्नीधर्म व मातृत्व यांविषयी ती जे प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे दरबारापाशी नाहीत.

या भूमिकेसाठी बेंद्रे यांची निवड अर्थपूर्ण ठरते ती येथेच. पूर्वार्धातील शीलवती ही सजवली जाणारी स्त्री आहे. दासी तिला नटवतात, इतर लोक तिच्याविषयी निर्णय घेतात, आणि ती उभी आहे. जिने अनेक वर्षे केवळ पाहिले जाण्याचे काम केले, तिला हे उभे राहणे शिकवावे लागत नाही. मग निवडीचा क्षण येतो आणि तीच स्त्री पुरुषांकडे पाहू लागते. नजरेच्या या दिशाबदलात बेंद्रे यांची स्थिरता प्रथमच नाट्याचा भार पेलते. रंगभूमीवर मुरलेल्या अभिनेत्रीने येथे कदाचित अधिक काही केले असते आणि प्रसंग हातचा गेला असता.

योगमार्गात आणि नाथपरंपरेत 'अनाहत' म्हणजे आघाताविना उमटणारा नाद. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईमुळे ज्यांचा जुन्या मराठीशी नित्य संबंध आहे, अशा बीड जिल्ह्यातील अभ्यासकांना तो शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रपटाच्या या शीर्षकाशी बेंद्रे यांच्या अभिनयाचे नाते मात्र सहसा लक्षात घेतले गेलेले नाही.

चित्रपट निर्दोष नाही. नाटकाचे दीर्घ संवाद त्याने फारसे कमी केलेले नाहीत. उत्तरार्धात शीलवती प्रतिपादन करू लागते, तेव्हा संस्कृतप्रचुर मराठी बेंद्रे यांच्या मुखी एकाच पट्टीत राहते. वाचिक अभिनय उणा पडतो, हे मान्य केले पाहिजे. दुसरा आक्षेप दिग्दर्शकावर आहे. स्त्रीच्या इच्छेचा प्रश्न मांडताना कॅमेरा अनेकदा तिच्या अलंकारांत आणि आकृतिबंधात रमतो. ज्या नजरेची चिकित्सा करायची, तिच्याच मोहात चित्रपट अधूनमधून पडतो. पालेकरांच्या 'दायरा' (१९९६) मध्ये विषय तितकाच नाजूक असूनही हा मोह कमी आहे.

'अनाहत'नंतर मराठी चित्रपटाने बेंद्रे यांना अशी दुसरी भूमिका दिली नाही. २००२ मधील विवाहानंतर त्यांचे चित्रपट विरळ होत गेले, 'कल हो ना हो' (२००३) मधील डॉक्टरची छोटी भूमिका वगळता स्मरणात राहील असे फारसे उरले नाही, आणि दूरचित्रवाणीवरील परीक्षकाच्या खुर्चीने त्यांना पुन्हा पाहिले जाण्याच्याच जागी नेऊन बसवले. जुलै २०१८ मध्ये त्यांनी कर्करोगाचे निदान जाहीर केले आणि न्यूयॉर्कमधील उपचारांच्या काळात केस नसलेल्या मस्तकाची आपली छायाचित्रे स्वतःहून प्रसिद्ध केली. ज्या व्यवसायात केस आणि कांती हेच भांडवल, त्यातून आलेल्या स्त्रीने आपल्या प्रतिमेचे हक्क असे स्वतःकडे घेतले.

'द ब्रोकन न्यूज' (२०२२) या मालिकेत त्या अमीना कुरेशी या वृत्तवाहिनीच्या संपादिकेच्या भूमिकेत आहेत. समोर जयदीप अहलावत यांच्यासारखा आक्रमक नट असताना बेंद्रे आवाज चढवत नाहीत. अमीना बैठकीत ऐकते, थांबते, मग मोजके बोलते. तिच्या चेहऱ्यावर वय दिसते आणि कॅमेरा ते लपवत नाही. 'अनाहत'मध्ये जो आवाज संवादांच्या वजनाखाली सपाट झाला होता, तो येथे साध्या, रोजच्या वाक्यांतून आपली पट्टी शोधतो.