एकाच झाडाची दोन फळे आणि 'जबाबदार जनुक'

लिंबूवर्गीय फळांच्या शरीरक्रियात्मक विकृतींवर रेणवीय जीवशास्त्राच्या अंगाने बरेच संशोधन प्रसिद्ध होत आहे. त्याचा सारांश सांगताना 'या विकृतीला जबाबदार असलेली जनुके सापडली' हे वाक्य सहज वापरले जाते. या वाक्यावर आमचा आक्षेप आहे. संशोधनावर नव्हे; 'जबाबदार' या शब्दावर.

विकृती म्हणजे रोग नव्हे. बुरशी नाही, जिवाणू नाही, कीड नाही, तरी फळ बिघडते. फळ तडकते, साल सुटून आत पोकळी होते, शीतगृहात सालीवर डाग पडतात. आपण येथे एकच विकृती पाहू. तिचे नाव ग्रॅन्युलेशन. फळ वरून चांगले दिसते. कापले की फोडींमधल्या रसाच्या इवल्या पिशव्या कडक, फिकट आणि कोरड्या निघतात. खाणारा म्हणतो, नुसता चोथा! कॅलिफोर्नियातील व्हॅलेन्शिया जातीत बार्थोलोम्यू, सिंक्लेअर व त्यांच्या सहकाऱ्याने १९४१ साली तिचे तपशीलवार वर्णन केले. या पिशव्यांच्या पेशीभित्तिका जाड होतात, त्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य, साठते, पेक्टिन वाढते आणि रसातील साखर व आम्ल घटतात.

जाता जाता एक खुलासा. अशा निबंधांत ज्याला 'स्वीट ऑरेंज' म्हणतात ते आपल्या मोसंबीच्या जातकुळीतले फळ. नागपुरी संत्रे निराळ्या कुळातले, मँडरिन गटातले. ज्या फळावर प्रयोग झाला ते सोडून भलत्याच फळाचे जनुक वर्गात सांगितले जाऊ नये, म्हणून हे सांगितले.

या स्वीट ऑरेंजचा जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि एक पद्धत सोपी झाली. निरोगी व बिघडलेल्या पिशव्यांतील संदेशवाहक आरएनए मोजायचा आणि कोणती जनुके अधिक चालू आहेत त्यांची यादी करायची. यादी शेकड्यांनी निघते. तीत लिग्निन तयार करणारी जनुके वरच्या बाजूला दिसली तर नवल काय? पेशीत लिग्निन साठत असेल तर ते घडवणारी यंत्रणा चालू असणारच. बांधकामावर गवंडी जास्त दिसले, म्हणजे इमारत बांधायचे गवंड्यांनी ठरवले असे होत नाही.

२०१८ साली प्रसिद्ध झालेले एक काम याच्या पुढे गेले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एमवायबी३३० आणि एमवायबी३०८ ही दोन नियामक प्रथिने. लिग्निनच्या वाटेवरील ४सीएल१ या जनुकाला पहिले चालना देते, दुसरे दाबून धरते. येथे यादी संपून यंत्रणा सुरू होते. पण या दोघांचा तोल कोणी बिघडवला, हा प्रश्न उरतोच.

आणि तो प्रश्न शेतात उभा आहे. बागेतली एका जातीची झाडे कलमाने वाढवलेली, म्हणजे त्यांच्या फांद्यांचा जनुकसंच जवळजवळ एकच. तरी एकाच झाडावरचे एक फळ रसाळ आणि शेजारचे चोथा! मोठी फळे लहानांपेक्षा अधिक बिघडतात. बिघाड बहुधा देठाकडून सुरू होतो. फळ झाडावर जास्त दिवस राहिले की वाढतो. जंबेरीसारख्या जोमदार खुंटावर अधिक आढळतो. या दोन फळांतला फरक जनुकांच्या मजकुरात शोधून सापडणार नाही. पाणी, वाढीचा वेग, वय, झाडावरची जागा यांत तो शोधावा लागेल. अमुक जात तमुक जातीपेक्षा जास्त का बिघडते, असे विचारले तर मात्र 'कोणते जनुक?' हा प्रश्न रास्त आहे. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देणे, हा खरा घोटाळा.

रास्त प्रश्नाला रास्त उत्तर कसे मिळते त्याचा नमुना याच फळात आहे. काही संत्र्यांचा गर रक्तासारखा लाल असतो. ही विकृती नव्हे, पण उदाहरण उपयोगी. इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटरमधील कॅथी मार्टिन व सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले, की 'रुबी' नावाच्या जनुकाशेजारी एक उडते जनुक येऊन बसल्याने हा रंग येतो. चीनमधील एका वेगळ्या लाल जातीत तशीच घटना स्वतंत्रपणे घडलेली आढळली. एवढा पुरावा असताना 'कारण' हा शब्द शोभतो. तरीही चांगला रंग चढायला थंडी लागतेच. सिसिलीत तो खुलतो, उष्ण प्रदेशात त्याचा भरवसा नसतो.

ग्रॅन्युलेशनच्या अभ्यासकांची अडचण आम्ही जाणतो. फळ कापले की ते पुढे बिघडले असते का, हे कधीच कळत नाही. म्हणून बिघडलेलीच फळे तपासली जातात, आणि तोवर उशीर झालेला असतो. यावर उपाय म्हणजे बिघाड दिसण्याच्या कितीतरी आधी, मोठ्या व लहान फळांचे किंवा वेगवेगळ्या खुंटांवरील फळांचे नमुने सतत घेत राहणे. काम कष्टाचे, पण अशा नमुन्यांत जी जनुके आधी जागी होतील त्यांच्याविषयी बोलण्यात अर्थ आहे.

वर्गात याची छोटी आवृत्ती करता येईल. हंगामाच्या शेवटी एकाच झाडाची दहा-बारा मोसंबी मिळवावीत, प्रत्येकीचे वजन टिपावे, देठाजवळ आणि खालच्या टोकाजवळ असे दोन आडवे काप घ्यावेत आणि कोरड्या पिशव्या मोजाव्यात. मग मुलांना विचारावे: जनुके तर सगळ्यांची सारखीच, मग हे असे का?